खलनायकाचे दुःखी बालपण: उलगडा की पळवाट?

धागाकर्ता
खुन्यावर बालपणी झालेला अत्याचार शेवटच्या प्रकरणात उघड करायचा आणि कथेतली सारी कोडी त्या एकाच किल्लीने सोडवायची, ही रीत रहस्यकथेत आता इतकी रुळली आहे की वाचकाला तिची चाहूल आधीच लागते. माझा आक्षेप विषयाला नाही, त्यातल्या हिशेबीपणाला आहे. छळ सोसलेली बहुतेक मुले मोठेपणी कोणाचा छळ करत नाहीत. अशा कथांमुळे मात्र पीडित मुलाकडेच संशयाने पाहिले जाते.

प्रतिसाद १ (असहमत)
मारहाण झालेल्या मुलांच्या दुखापतींना बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकात नाव दिले ते १९६२ मध्ये. कादंबरीने त्याआधी शंभराहून अधिक वर्षे तो मार लिहून ठेवला होता. पुढे १९९८ मध्ये फेलिटी आणि आंडा या अमेरिकी डॉक्टरांच्या अभ्यासाने दाखवले की बालपणी वाट्याला आलेल्या आघातांचे प्रकार जितके जास्त, तितका प्रौढपणी नैराश्याचा, व्यसनाचा आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त. मग लेखकाने हा कार्यकारणभाव दाखवला तर बिघडले कुठे?

धागाकर्ता
आपण दिलेल्या यादीतले तिन्ही धोके मुख्यतः सोसणाऱ्याच्याच जिवावर उठणारे आहेत, हे आपल्या लक्षात आले का? जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गुंतागुंतीच्या आघातोत्तर विकाराची (दीर्घकाळ किंवा वारंवार सोसलेल्या आघातानंतर जडणाऱ्या मनोविकाराची) जी खास लक्षणे आहेत, ती भावना न आवरणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि जवळची नाती न टिकणे ही होत. त्यांत सुरा उचलणे कुठेच नाही. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज ऐकताच खेळणी आवरणारे मूल चाळिशीतही समोरच्याचा मूड आधी चाचपूनच तोंड उघडते, आणि याला लोक ‘समंजसपणा’ म्हणतात. हे लिहायला कसब लागते. खून त्यामानाने सोपा.

प्रतिसाद २
हे मी स्वतः सोसले आहे, म्हणून लिहिते. पुसली गेलेली आठवण एखाद्या वासाने किंवा गाण्याने लख्ख परत येते, हा कादंबऱ्यांतला प्रसंग कोणाच्या बाबतीत खरा असेलही, पण मी काहीच विसरले नव्हते. सांगण्याजोगे माणूस मात्र जवळ नव्हते.

प्रतिसाद १
‘प्रतिसाद २’ यांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही जी व्यक्ती तीस वर्षे काही बोलतच नाही, तिच्यावर रहस्यकथा उभी राहणार नाही. त्यासाठी वेगळ्या जातीची कादंबरी लागेल, आणि तिच्या अभावाचा दोष रहस्यकथेवर टाकणे मला अजूनही पटत नाही.