‘रिझोल्यूशन’ला काय म्हणावं? आणि ‘लो’ला ‘कमी’ चालेल का?

प्रश्न : दादरला बारावीच्या मुलांसाठी प्रथिनांच्या रचनेवर टिपण लिहितेय. ‘लो रिझोल्यूशन’ला ‘कमी पृथक्करण’ लिहिलं, तर मुलांना वाटलं काहीतरी रसायनं वेगळी करायची आहेत. दुसरा शब्द सुचवा ना.

उत्तर : ताई, पृथक्करण नकोच. ‘विभेदन’ घ्या. त्यात ‘भेद’ आहे, आणि सगळा मुद्दा भेदाचाच आहे : शेजारचे दोन ठिपके दोन दिसतात की एकच डाग? दादरच्या पुलावरून लोकलचा इंडिकेटर बघा. अक्षर पेटलंय एवढं कळतं. ठाणे की टिटवाळा, ते जिना उतरल्यावर.

खरी गोची ‘लो’ची आहे. स्फटिकशास्त्रात, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण सोडून रेणूची रचना काढतात तिथे, विभेदन अँगस्ट्रॉममध्ये (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) सांगतात, म्हणजे वेगळं ओळखता येईल असं कमीत कमी अंतर. आकडा मोठा तेवढं चित्र अंधुक. जॉन केंड्रू यांनी १९५८ साली मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाची रचना ६ अँगस्ट्रॉमला मांडली, तेव्हा साखळीचे भाग नुसत्या सळ्यांसारखे दिसत होते. १९६०मध्ये २ अँगस्ट्रॉमपर्यंत पोचल्यावर त्या सळ्यांतला मळसूत्री पीळ दिसला. आता ६ला ‘कमी’ आणि २ला ‘जास्त’ म्हटलं की मुलं अडखळणारच. मी ‘स्थूल विभेदन’ आणि ‘सूक्ष्म विभेदन’ लिहितो.

प्रश्न : स्थूल म्हणजे लठ्ठ नाही का वाटणार?

उत्तर : ‘स्थूलमानाने’ म्हणतोच की आपण. तोच स्थूल.

प्रश्न : मग अंधुक माहितीतून रचना काढण्यावरच्या २०१०च्या शोधनिबंधातल्या ‘सुपर-रिझोल्यूशन’ला अतिविभेदन?

उत्तर : श्रोडर, लेविट आणि ब्रुंगर यांचा ना? तिथे जपून. रायबोसोमसारख्या (पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना) अजस्र रेणूंच्या स्फटिकांमधून बरेचदा ४ अँगस्ट्रॉमपेक्षाही अंधुक माहिती मिळते. मग नात्यातल्या प्रथिनाची आधीच माहीत असलेली रचना घ्यायची, अणूंच्या जोड्यांमध्ये स्प्रिंगा कल्पून लवचीक जाळं विणायचं आणि क्ष-किरणांची माहिती ओढेल तिथे ते वाकू द्यायचं. रोजचा प्रवासी अंधुक अक्षरावरूनही गाडी सांगतो, तसं. ‘अतिविभेदन’ म्हटलं की वाटतं क्ष-किरणांनाच जास्त दिसलं. मी ‘पूर्वमाहितीने सूक्ष्म केलेली रचना’ लिहीन. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

प्रश्न : मग शीर्षक असं करते : ‘स्थूल विभेदनातून महारेणूंची रचना’.

उत्तर : उत्तम. फक्त पहिल्या ओळीत ‘विभेदन म्हणजे रिझोल्यूशन’ एवढं लिहाच, पुढे कॉलेजात त्यांना ‘रिझोल्यूशन’ हाच शब्द भेटणार आहे.