रविवारचा पिक्चर : नाव गुरुवारपर्यंत हवंय

भाई (फोंडा)

मंडळी, हॉलवाल्याचा परत फोन आला. गुरुवारी फॉर्मवर पिक्चरचं नाव, वेळ आणि सोबत डिपॉझिट गेलं नाही तर तारीख त्या साखरपुडावाल्यांना जाणार. ‘मोठ्या कलाकारांचे फसलेले पिक्चर’ हा विषय बैठकीत ठरलाय, तो परत उकरून काढू नका. समितीने ‘मेरा नाम जोकर’ सुचवला होता. अडचण एवढीच की हॉल सहा ते नऊ आहे आणि जोकर चार तासांच्या वर जातो, दोन इंटरव्हल धरून. नऊला वॉचमन दिवे घालवतो, पाडव्याच्या कार्यक्रमाला काय झालं ते आठवा. पटापट सांगा.

अण्णा (मडगाव)

चारला सुरू करा की. प्रोजेक्टर आमच्याकडे आहे, आम्ही तीनला आणून लावतो.

भाई (फोंडा)

अण्णा, चार ते साडेपाच तिथे मुलांचा तबल्याचा क्लास असतो. विचारून झालंय, ते हलणार नाहीत.

बंड्या (वास्को)

जोकरची कापलेली आवृत्तीपण आहे ना, नंतर परत रिलीज केला तेव्हा छोटा केला होता. ती लावा.

वहिनी (पर्वरी)

कापलेला जोकर अजिबात नको. ज्या पिक्चरची चर्चाच लांबीवर व्हायची तो कापून दाखवून काय साधणार? आणि मुळात जोकर ह्या विषयात बसतो का ह्याचाच विचार करा. 1970 ला तो आपटला, राज कपूर कर्जात गेला, मग 1973 ला ‘बॉबी’ने त्याला वर काढलं, हे सगळं खरं. पण तिकीटबारीवर आपटला म्हणून पिक्चर वाईट होत नाही. पहिला भाग बघा, सोळा वर्षांचा राजू आणि त्याची टीचर, ऋषी कपूर आणि सिमी. इतकं हळुवार काम आपल्याकडे किती वेळा झालंय? ‘कागज़ के फूल’चंही तेच, 1959 ला पडला आणि गुरुदत्तने परत दिग्दर्शक म्हणून नाव लावलं नाही. पण ‘वक्त ने किया’ मध्ये वरून येणारा तो उजेडाचा झोत, व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं होतं, आणि त्यात गुरुदत्त आणि वहिदा लांब लांब उभी. ह्याला फसलेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याला असा पिक्चर हवा जिथे सगळे गुणी होते, पैसा होता, आणि तरी पडद्यावर काही उभं राहिलं नाही.

बंड्या (वास्को)

मग ‘राम गोपाल वर्मा की आग’! 2007 चा, शोलेचा रिमेक. बाबांबरोबर बघितला होता, त्यांना अख्खा शोले पाठ. ठाकूरच्या जागी मोहनलाल आणि हात कापायच्या ऐवजी बोटं कापली तेव्हा बाबा उठून बाहेर पॉपकॉर्नवाल्याशी गप्पा मारत बसले ते शेवटी घरी जाताना भेटले. ‘सत्या’ आणि ‘कंपनी’ करणारा माणूस हा. आणि 1975 चा जय 2007 ला बब्बन, म्हणजे इथला गब्बर, झाला, अमिताभसारखा नट असूनसुद्धा भीती म्हणून वाटत नाही.

अण्णा (मडगाव)

आगवर मंडळाचा पैसा घालायला माझा विरोध आहे, नोंद घ्या. मराठी मंडळ आहे तर मराठी का नको? केदार शिंदेचा ‘अगं बाई अरेच्चा 2’ घ्या. 2004 चा पहिला, संजय नार्वेकरला बायकांच्या मनातलं ऐकू येतं तो, घराघरात चालला. 2015 ला दुसरा आला, सोनाली कुलकर्णीसारखी नटी, पण पहिल्याची मजा काही आली नाही. आणि त्याच माणसाने 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ करून थिएटरं भरली. म्हणजे हात गेला नव्हता, गोष्ट कमी पडली. आणि दुसरं, पिक्चर कुठला हे चित्रपट विभागाने ठरवायचं असतं, कार्यकारिणीने नाही. मागे नाटकाच्या वेळी हेच झालं.

भाई (फोंडा)

अण्णा, कार्यकारिणी काही ठरवत नाहीये, मी फक्त फॉर्म भरतोय.

वहिनी (पर्वरी)

अण्णांचं गोष्टीबद्दलचं म्हणणं पटलं, तेच धरून पुढे जाते. माझं मत ‘बॉम्बे वेल्वेट’ला. 2015 चा, अडीच तासात संपतो, म्हणजे सहाला सुरू करून साडेआठला संपला तरी अर्धा तास बोलायला मिळतो. अनुराग कश्यप दिग्दर्शक, रणबीर, अनुष्का, अमित त्रिवेदीचं संगीत, स्कॉर्सेसीचे पिक्चर एडिट करणारी थेल्मा स्कूनमेकर एडिटिंगला. साठच्या दशकातली मुंबई श्रीलंकेत सेट लावून उभी केली. एवढं असून जॉनी बलराजला नेमकं काय हवंय ते शेवटपर्यंत पोटात उतरत नाही. तो मार खातो, गोळ्या झाडतो, पण त्याच्यासाठी जीव तुटत नाही. ‘ब्लॅक फ्रायडे’ कमी पैशात केलेला माणूस आहे हा, तिथे नुसत्या पळापळीच्या सीनमध्ये पोलिसाचा दमलेला श्वास कळतो. इथे प्रत्येक फ्रेम सजवलीय आणि माणसं सजावटीच्या मागे गेली. मला वाटतं हातात फार काही आलं की नेमकं काय सांगायचंय ते धरून ठेवणं अवघड होतं, आणि मोठ्या नावाला सेटवर ‘हे नको’ म्हणणारं कोणी उरत नाही.

आणि आपल्याला तो जवळचा आहे. त्यातली रोझी नोरोन्हा गोव्याची. त्या काळात मुंबईच्या क्लबात आणि स्टुडिओत वाजवणारे निम्मे हात आपल्या इकडचे, ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट हळदोण्याचा, प्यारेलालला व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. त्याच सुमाराला बार्डरॉय बारेटोचा ‘नाचूंया कुंपासार’ आला, कोंकणी, संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्नाच्या गाण्यांवर. त्याच दुनियेतली गोष्ट, खर्चाची तुलनाच नको, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. त्यातली नायिका पालोमी घोष गायला उभी राहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आधी हौस आणि मग दुखणं दिसतं, बस्स, पुढची गोष्ट आपसूक चालते. वेल्वेटनंतर ह्याची दोन गाणी दाखवली तर फरक सगळ्यांच्या लक्षात येईल.

बंड्या (वास्को)

कुंपासार आमच्या आजीने बघितला होता, कोंकणी पिक्चर बघायला ती सहसा जात नाही, पण लॉर्ना म्हटल्यावर गेली. पूर्ण वेळ गुणगुणत होती म्हणे, मागच्या रांगेतले रागावले.

अण्णा (मडगाव)

आजी बरोबर होती. लॉर्नाचं ‘बेबदो’ लागलं की कोण गप्प बसणार? लहानपणी रेडिओवर ते लागलं की आमचे काका जेवण सोडून उठायचे. वेल्वेटला माझी हरकत नाही, पण मराठी पिक्चर पुढच्या महिन्यात नक्की, हे लिहून ठेवा. आणि चर्चा मडगावकडे असू द्या.

भाई (फोंडा)

वेल्वेट लिहितो, सहा ते साडेआठ. आता महत्त्वाचं. दोन्ही पिक्चर ज्यांच्या हक्काचे आहेत त्यांची लेखी परवानगी लागेल, गाणी दाखवायची तरी. कोणाच्या ओळखीचं कोणी वितरणात असेल तर आजच सांगा, नुसती डीव्हीडी लावून मी सही करणार नाही. वहिनी, तुम्ही बार्डरॉयच्या माणसांशी बोलाल का?

वहिनी (पर्वरी)

बोलते. म्हापशाला एकजण त्यांच्या टीमबरोबर होता, त्याला आज रात्री फोन करते. हो म्हणाले तर दोनच्या जागी तीन गाणी मागू का?

अण्णा (मडगाव)

तीन मागा. आणि भाई, प्रोजेक्टरची वायर मागच्या वेळी कोणीतरी फोंड्याला नेली ती अजून आलेली नाही, शनिवारच्या आत पाठवा.