ऑटोमॅटिक घड्याळ रोज पहाटे बंद पडतंय, दोष नक्की कशात?

उशिराआलो
माझ्या घड्याळात ईटीए २८२४-२ हे स्विस ऑटोमॅटिक मशीन आहे, दिवसभर मनगटावर असतं, रात्री दहाला काढून ठेवतो आणि पहाटे चार-पाचला बंद. पुन्हा हलवलं की लगेच चालू, टाईमही दिवसभर बरोबर दाखवतं. काही महिन्यांपूर्वी रोटर (हात हलला की फिरून स्प्रिंग भरणारं वजन) घासल्यासारखा आवाज येत होता म्हणून एका घड्याळवाल्याकडे उघडायला दिलं होतं, "तेल टाकलंय, आता बघायला नको" म्हणाला, आणि तेव्हापासूनच हे सुरू झालं. अख्खी सर्व्हिसिंग करू का? की नवीन मशीनच टाकू?

चुंबकवाला
मॅग्नेटाइज झालं असेल. डीमॅग्नेटायझर मिळतो, दोन मिनिटांचं काम.

काटेकोर
@चुंबकवाला मॅग्नेट लागला की हेअरस्प्रिंगचे (घड्याळाचा वेग ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ बहुतेक वेळा पुढे पळतं, इथे तर टाईम बरोबर आहे.

@उशिराआलो नवीन मशीनचा विषय आत्ताच काढू नका. आधी एवढं ठरवा की घड्याळ *चालत* नाहीये की *भरत* नाहीये, कारण हे दोन वेगळे आजार आहेत. चावीने सावकाश ३०-३५ फेरे द्या आणि टेबलावर ठेवून द्या, घालू नका, हलवू नका. या मशीनचा साठा (पूर्ण भरल्यावर चालायचा वेळ) साधारण ३८ तासांचा असतो. तेवढं चाललं तर स्प्रिंग, चाकं, बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चाक) सगळं ठीक, मनगटाच्या हालचालीने स्प्रिंग भरत नाहीये एवढंच. दहा-बारा तासांतच थांबलं तर मग वाळलेलं तेल, कचरा किंवा बॅरलमध्ये (मुख्य स्प्रिंगची डबी) लवकर घसरणारी स्प्रिंग.

निवांत_टिकटिक
आणि थांबतं तेव्हा काटे कुठे असतात तेही बघा. माझं रोज १२ च्या आसपास अडायचं, आम्ही आपले तारीख बदलायच्या चाकाला शिव्या घालत होतो, नीट बघितलं तर दिवसा १२ लाही तेच. शेवटी भिंगातून दिसलं की तासकाट्याचं टोक केसभर वर वाकलंय आणि मिनिटकाटा वरून जाताना त्याला घासतोय!

उशिराआलो
काटे दर वेळी वेगळ्याच जागी असतात त्यामुळे ते नसावं. टेस्ट केली, ३७ तास चाललं!! मलाच खरं वाटेना. एक गंमत दिसली, मागे काच आहे ना, चावी देताना आतला रोटर स्वतःच भोवऱ्यासारखा गरगर फिरतो. हे नॉर्मल आहे का?

काटेकोर
अहो हेच आधी सांगायचं ना :) नॉर्मल नाही, तोच दोष आहे, आणि आता चावी देणं बंद करा, दातांवर जोर येतो.

रोटरखाली दोन रिव्हर्सिंग व्हील्स असतात, त्यांच्या पोटात बारीक पॉल, म्हणजे खिट्ट्या. रोटर कुठेही फिरला तरी स्प्रिंग एकाच बाजूने भरली जावी ही त्यांची कामगिरी, आणि चावी देताना रोटरला सोडून द्यायचं हेही त्यांचंच काम. त्या खिट्ट्या चिकटल्या की सोडतच नाहीत. माझा संशय त्या "तेल टाकलंय" वर आहे, कारण या चाकांना साधं तेल थेंबाने द्यायचंच नसतं, खिट्ट्या त्यात चिकटून बसतात. धुवून ल्युबेटा व्ही१०५ (या चाकांसाठीचं खास वंगण) मध्ये बुडवायची आणि वाळू द्यायची, आत नुसता पातळ थर राहतो, तेवढाच पुरतो. ऑटोमॅटिकचा भाग अख्खा वेगळा सुटतो, बॅलन्सला हातही लावायला लागत नाही. घरी मात्र करू नका, स्क्रू उडाला की गालिच्यात शोधत बसाल (विचारू नका कसं माहीत).

उशिराआलो
अपडेट: दुसऱ्याकडे दिलं, मुद्दाम "फक्त रिव्हर्सर बघा" म्हणून सांगितलं. त्याने भिंगातून दाखवलं, चाकाच्या पोटात मधासारखा चिकट थर होता. धुवूनही साफ न झालेलं एक चाक बदललं, दुसरं साफ होऊन निघालं. शुक्रवारी रात्री दहाला काढून ठेवलं, रविवारी सकाळी नऊला उचललं तर चालू! चावी देताना रोटरही आता जागचा हलत नाही. पण आधीचा तो घासल्याचा आवाज अधूनमधून येतोच आहे...

काटेकोर
मग रोटरचं बेअरिंग. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल चरा उमटलाय का बघायला सांगा.