सात हजार टनांची युद्धनौका ‘हलकी’ कशी?

प्रश्न (नाशिकरोड)
माझे वडील आयएनएस दिल्लीवर होते. त्यांच्या संग्रहातील तिच्या एका छायाचित्रामागे ‘पूर्वीची एचएमएस अकिलीस, हलकी क्रूझर’ असे लिहिलेले आहे. सुमारे सात हजार टनांच्या नौकेला हलकी का म्हणत, आणि तिने ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेला कशाच्या बळावर तोंड दिले, हे कोणी सांगू शकेल काय?

उत्तर १ (देवळाली कॅम्प)
ही वर्गवारी तोफेवरून ठरते, वजनावरून नाही. १९३० च्या लंडन नौदल करारानुसार ६.१ इंचांपर्यंतच्या तोफा असलेली क्रूझर (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) हलकी आणि त्याहून मोठ्या, ८ इंचांपर्यंतच्या तोफांची ती जड. त्यामुळे दहा हजार टनांहून अधिक वजनाची ब्रिटिश क्रूझर बेलफास्ट हलकी, तर साडेआठ हजारांच्या आतली एक्झेटर जड, असा उलटा हिशेब होतो. तोफखान्यात नोकरी झालेल्या आम्हा देवळालीकरांना १५५ मिलिमीटरची बोफोर्स परिचयाची आहे. अकिलीसच्या ६ इंची तोफा जवळपास त्याच व्यासाच्या होत्या, मात्र त्या एकूण आठ होत्या. तिचा गोळा सुमारे ५० किलोंचा, ग्राफ श्पेच्या ११ इंची तोफेचा ३०० किलोंचा.

उत्तर २ (पंचवटी)
एवढी तफावत असताना समोरासमोर उभे राहणे आत्मघातकीच ठरले असते. म्हणून १३ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटिश तुकडीचे प्रमुख कमोडोर हारवूड यांनी एक्झेटरला एका बाजूने आणि एजॅक्स व अकिलीस यांना दुसऱ्या बाजूने पुढे धाडले, जेणेकरून ग्राफ श्पेच्या दोनच फिरत्या तोफ-मनोऱ्यांत बसवलेल्या सहा मोठ्या तोफांना आपला मारा विभागावा लागेल. एक्झेटर जबर जखमी होऊन बाजूला झाली, तरी या दोन हलक्या नौकांनी पाठलाग सोडला नाही. अकिलीसवर जवळच फुटलेल्या गोळ्याच्या कपच्यांनी चार जण मारले गेले आणि कप्तान पॅरी जखमी झाले.

उत्तर ३ (सातपूर)
ग्राफ श्पे तोफांनी बुडाली, असा समज मात्र होऊ नये. ती उरुग्वेतील माँटेव्हिडिओ बंदराच्या आश्रयाला गेली आणि बाहेर मोठे ब्रिटिश दल दबा धरून आहे अशी समजूत झाल्याने १७ डिसेंबरला तिच्याच कप्तानाने, लांग्सडॉर्फ यांनी, ती बंदराबाहेर उद्ध्वस्त केली.

प्रश्नकर्ता
आभार. मग वडिलांच्या काळात या तोफा तिच्यावर होत्या का?

उत्तर १ (देवळाली कॅम्प)
होय. १९४८ मध्ये ती भारताकडे आली आणि १९६१ च्या दीव मोहिमेत तिच्या तोफांनी प्रत्यक्ष मारा केला. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली. तिचा एक तोफ-मनोरा आज न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर आहे.