मंगळावरच्या उडत्या बाईकसाठी सल्ला हवा आहे

रानपाखरू:
आमच्या पाच जणांच्या गटासाठी विज्ञानकथेवरचा रोलप्लेइंग गेम लिहितेय. काळ २३वं शतक, जागा मंगळ. सगळ्यांना उडती बाईक हवीच आहे. कच्चं चित्र तयार आहे: चार पंखे, स्वार धरून वजन ३०० किलो. पण चाचणीच्या डावात जो तो हवं तिथे उडत सुटला आणि पाठलागात दमच उरला नाही. बाईकला खऱ्या वाटतील अशा मर्यादा कशा घालू?

तांबडा_तारा:
आधी हवा बघा, बाईक नंतर. मंगळावरची हवा पृथ्वीच्या २ टक्के दाटसुद्धा नाही. तिथे उडालेलं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर अवघं १.८ किलोचं, तरी त्याची पाती १.२ मीटर व्यासाची होती आणि मिनिटाला २,४००च्या आसपास फेरे घ्यायची. त्याच हिशेबाने ३०० किलोला १५ मीटर व्यासाची पाती लागतील. ती बाईक राहत नाही.

माझं ऐकाल तर खेळ शनीच्या टायटन या चंद्रावर न्या. हवा आपल्यापेक्षा चौपट दाट, गुरुत्वाकर्षण सातव्या हिश्शाएवढं. तीच बाईक तिथे तरंगत ठेवायला पृथ्वीवरच्या चाळिसाव्या हिश्शाएवढीच ताकद पुरते. नासाचं आठ रोटरचं (फिरत्या पात्यांचं) ड्रॅगनफ्लाय हे उडतं यानही म्हणूनच तिकडे जाणार आहे.

रानपाखरू:
टायटन डोक्यातच आला नव्हता! पण मग उडणं आणखी सोपं होईल ना? माझी अडचण तर तीच आहे.

घिरट्या:
उचलणं सोपं, वळणं महाकठीण. हवेत वळायचं तर बाईक कलती करावी लागते, आणि किती घट्ट वळता येईल ते गुरुत्वाकर्षणावर ठरतं. ताशी १०० किमी वेगात ४५ अंश कललात तर पृथ्वीवर वळणाची त्रिज्या साधारण ८० मीटर येते, टायटनवर ५७०! तिथे १०० मीटरवर यायचं तर ८० अंश कलायला हवं, म्हणजे बाईक जवळजवळ आडवी. त्या क्षणी पंख्यांना नुसत्या तरंगण्याच्या जवळपास सहापट जोर द्यावा लागतो. म्हणून 'वेग' हा गुण मुख्य ठेवू नका, 'शिल्लक जोर' ठेवा. वळायचं असेल तर त्यातून खर्च करायचा, जमलं नाही तर बाईक रुंद वळण घेत दरीच्या भिंतीकडे सरकते. फासे टाकायची खरी वेळ ती.

पडण्याचे नियमही बदला. पृथ्वीवर उंचावरून पडणारा माणूस ताशी २०० किमीच्या आसपास पोचतो, टायटनवर ३५-४०. हाडं मोडतील, पण पात्र वाचू शकतं. खेळाडू धाडस करतील.

तांबडा_तारा:
वा, वळणाचा हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. त्यात इंधनाची भर घालतो. टायटनवर मिथेनचे समुद्र आहेत, पण ऑक्सिजन नाही, त्यामुळे काडी लावली तरी पेटत नाही. आपण गाडीत पेट्रोल भरतो आणि हवा फुकट मिळते. तिथे उलटं: मिथेन काठावरून भरा, ऑक्सिजन सोबत न्या. एक किलो मिथेनला चार किलो ऑक्सिजन लागतो. आणि स्वार श्वास घेतो तोही त्याच टाकीतून.

रानपाखरू:
श्वास आणि इंजिन एकाच टाकीवर! हे सापडत नव्हतं मला. मंगळ रद्द, पहिला पाठलाग लायजिया मारे समुद्राच्या काठावर. टाकीचे वीस ठोकळे धरते, घट्ट वळणाला दोन जातील. मागे बसणाऱ्याचा श्वास वेगळा मोजू का?

घिरट्या:
हो, नक्की मोजा. शिवाय त्याच्या वजनाने शिल्लक जोरही कमी होतो. आणि थंडी विसरू नका, उणे १७९ अंश. बाईक बंद करून लपून बसले तर दर फेरीला बॅटरी गार होत गेली पाहिजे.