भोसरीहून जुना लेथ आणलाय, सुरुवात कुठून करू?

भोसरीतल्या एका बंद झालेल्या वर्कशॉपमधून साडेचार फुटी लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) घेतलाय. बाबा आयुष्यभर लेथवर होते, ते असते तर विचारावं लागलं नसतं. सॅडल (टूल घेऊन सरकणारा भाग) चकजवळ, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या टोकाला सैल, तर टेलस्टॉककडे, म्हणजे आधार देणाऱ्या दुसऱ्या टोकाला घट्ट चालतं. गिब (सॅडलचं ढिलेपण काढायची पट्टी) आवळू का? घरी सिंगल फेजच आहे.

भोसरीचा टर्नर: घाईने आवळू नका. काम चकजवळच होतं, म्हणून बेडही (ज्यावर सॅडल सरकतं तो पाया) तिथेच झिजतो. तिथलं ढिलेपण काढलंत तर सॅडल दुसऱ्या टोकाला अडकेल. आधी 25 मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) बार 100 मिमी बाहेर ठेवून चकमध्ये धरा. टेलस्टॉक न लावता, 350 आरपीएमच्या आसपास एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने हलका कट घ्या आणि कापलेल्या भागाच्या दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजा, फरक पडतो का ते कळेल. टूलची धार मात्र सेंटरला, म्हणजे बारच्या मध्याच्या उंचीला हवी. आणि भाऊ, चकची चावी चकमध्ये कधीही सोडायची नाही. हातमोजेही नकोत.

वायरमन, चिंचवड: मोटरच्या प्लेटवर 230 डेल्टा (वाइंडिंगची एक जोडणी) लिहिलंय का बघा. असेल तर सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) चालेल.

प्रश्नकर्ता: प्लेटवर दोन्ही आहे, 230 आणि 415! बार रविवारी जुन्या बाजारातून आणतो.