सांगली ते कन्याकुमारी ते श्रीनगर, गाडीतच राहायचं आणि दोन कुत्री बरोबर, जमेल का?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. मिस्टरांची नोकरी यंदा संपली आणि वीस वर्षं नुसतं जे बोलत होतो ते आता करायचंच असं ठरवलंय. जुनी ट्रॅव्हलर घेतलीय, तिच्यात मागं बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी बसवून घ्यायची आणि जानेवारीत आधी कन्याकुमारी गाठून मग सरळ वर श्रीनगरपर्यंत जायचं, तिथनं परत घरी. दोन-अडीच महिने धरलेत.

खरा प्रश्न कुत्र्यांचा आहे. बाळू आपलं साधं गावठी कुत्रं, २०१९ च्या पुरात पोहत पोहत आमच्या जिन्यावर आलेलं पिल्लू, आम्ही होडीतनं बाहेर पडलो तेव्हा माझ्या पदरात होतं. अजून पण पत्र्यावर जोरात पाऊस वाजायला लागला की पलंगाखाली जाऊन थरथरत बसतं. दुसरी हरणी, कारवानी जातीची शिकारी कुत्री आहे, जतच्या बाजूच्या एका धनगराकडनं आणलेली, तीन वर्षांची, एकदा सुटली की नजरेत मावत नाही.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी दोघांना आठ दिवस बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. बाळूने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही आणि आम्हाला कुणी साधा फोन पण केला नाही, आणायला गेलो तर बरगड्या मोजता येत होत्या. तेव्हाच ठरलं, जायचं तर चौघांनी नाहीतर कुणीच नाही. पण आता रात्री झोप लागत नाही, उन्हात गाडी तापली तर काय, एसी लागेल का, वाटेत आजारी पडली तर कुणाकडे न्यायचं. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

कराडचा_भटक्या:

वहिनी, जावा. नक्की जावा. फक्त दिशा उलटी करा.

जानेवारीत दक्षिणेला गेला तर श्रीनगरला पोचेपर्यंत मार्च संपत येतो, आणि उतरताना एप्रिलात पंजाब, राजस्थान, गुजरात लागणार, चाळीसच्या वरचं ऊन आणि पत्र्याची गाडी. त्यापेक्षा सप्टेंबर संपता संपता पेठ नाक्याला हायवे धरा, पुणे, सुरत, उदयपूर, जयपूर करत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काश्मीर. त्याच दिवसांत चिनार लाल व्हायला लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाली उतरायला लागा, तिकडे २१ डिसेंबरपासून चिल्लई कलान म्हणतात ती चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी असते पण आपल्याकडच्या कुत्र्यांना त्याच्या आधीच बोचायला लागतं. तिथनं ४४ नंबर हायवे श्रीनगरहून थेट कन्याकुमारीला जातो, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई. आणि बाळूचं पावसाचं वाचलं म्हणून मुद्दाम सांगतो, तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच पावसाळा असतो, तेव्हा तिकडे जानेवारी लागल्यावरच शिरा. म्हणजे अडीच महिन्यांत बसत नाही, साडेतीन धरा. सगळं मिळून साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास होतं, एक दिवस दोनशे चालवायची आणि एक दिवस थांबायचं असं केलं तरी आरामात होतंय. दिवाळीचे चार दिवस मात्र मोठ्या शहरात अडकू नका, फटाक्यांनी कुत्री पार भेदरतात.

आता हरणीबद्दल. आम्ही दोघं आणि आमची दोन कुत्री कराडहून हिमाचलला गेलो होतो, त्यात एक राणी, ती पण कारवानी. राजस्थानात एका ढाब्यावर बायकोने सरकतं दार उघडलं, लांब शेताच्या पलीकडे नीलगाय दिसली आणि राणी गेली. पट्टा गळ्यात होता पण दोरी लावलेली नव्हती. सात तास. मी पायी, बायको रस्त्याच्या कडेनं हाका मारत, तिचा आवाज बसला होता. शेवटी तिथल्या एका मेंढपाळाने सांगितलं की इथून हलू नका, तुमच्या अंगातला शर्ट काढून जिथनं पळाली तिथं ठेवा आणि शांत बसून राहा. मी उघड्या अंगाने त्या बांधावर बसून होतो. अंधार पडल्यावर राणी आली, पायातनं रक्त, शर्टावर येऊन आडवी झाली. अजून लिहिताना हात कापतो माझा.

म्हणून दाराच्या आत दुसरं जाळीचं दार करून घ्या, एक बंद असल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर कोरून घ्या. इंजिन बंद झालं की पहिलं काम दोरी लावायची, मग बाकीचं. गाडी चालू असताना पण मोकळं सोडू नका, छातीवरून येणारा हार्नेस घाला आणि तो सीटच्या बेल्टला अडकवा, गळ्याला बांधलेलं कुत्रं ब्रेक लागला की फास बसल्यासारखं लटकतं.

पोस्टपेड सिम एक तरी ठेवा, आपलं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही.

जनावरांचा_दवाखाना:

ताई, मी सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. वर दादांनी ऋतूचं बरोबर सांगितलंय, माझा भर पण त्यावरच आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतं आणि कोंडलेल्या हवेत ते जमत नाही. बाहेर ३० असेल तर बंद गाडीत दहा मिनिटांत ४० होतं, अर्ध्या तासात ४८ च्या पुढं जातं. खिडकी चार बोटं उघडी ठेवली म्हणून विशेष फरक पडत नाही. कुत्र्याचं अंग मुळातच ३८ ते ३९ असतं, ४१ च्या वर गेलं की जीवावरचं काम. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर आधी सावलीत घ्या आणि साधं पाणी पोटावर, जांघेत, पंज्यांवर ओतत राहा, वारा घाला, आणि मग दवाखाना शोधा. आधी दवाखाना शोधत फिरण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात हातचं कुत्रं जातं, हे मी टेबलावर बघितलंय.

दुसरा शत्रू गोचीड. ढाब्यावर, ट्रक थांब्यावर भटकी कुत्री असतात तिथं गोचीड असणारच. रोज रात्री कानात, बोटांच्या मधे, शेपटीच्या खाली हात फिरवून बघायचं. गोचिडाची गोळी वजनावर असते, ती निघायच्या आधी सुरू करा. कुत्रं सुस्त, ताप, हिरड्या पांढऱ्या, नाकातनं रक्त, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका, रक्त तपासायला लावा. आणि ताप आला म्हणून आपल्या डब्यातली गोळी द्यायची नाही, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर अजिबात नाही.

रेबीजची लस आणि पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्र लस निघायच्या निदान महिनाभर आधी पुरी करा, कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, त्याचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. बाळू सातच्या पुढं गेलंय म्हणजे त्याचं रक्त, लघवी, हृदय एकदा नीट बघून घ्या. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या वाटेवरच आहे.

आणि एक खास सांगलीकरांसाठी. प्रवासात तुम्ही तासगावचे बेदाणे नेणार, भडंग नेणार. बेदाणा आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला विष आहेत, किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नाही, कुणाला मूठभर पचतात तर कुणाला थोडे पण भोवतात. भडंगात लसूण असतो, कांदा-लसूण पण नको. डबे वरच्या कप्प्यात, घट्ट झाकणाचे.

कृष्णाकाठची:

डॉक्टर, बेदाण्याचं वाचून अंगावर काटा आला. मिस्टर रोज सकाळी स्वतः खाताना दोन-दोन दोघांना द्यायचे. आजपासून बंद. एसीचं कुणी सांगेल का? आम्हाला एकाने सांगितलं की बॅटरीवर रात्रभर चालतो, पैसे पण मोठे सांगितले.

मिरज_वायरमन:

ताई, हिशोब सांगतो म्हणजे कुणी फसवणार नाही. १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला पाऊण ते एक युनिट खातो, मग दोन-तीन तासांत बॅटरी संपली. रात्रभर पाहिजे तर त्याच्या तिप्पट-चौपट बॅटरी लागते, वजन आणि पैसा दोन्ही वाढतं. टपावर ८०० वॉटचे पॅनेल बसले तर चांगल्या उन्हात दिवसाला तीनेक युनिट मिळतात, त्यात फ्रीज, पंखे, दिवे निवांत चालतात. म्हणून माझं मत, एसी हा अडीनडीचा आणि छताचा मोठा एक्झॉस्ट फॅन रोजचा. गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून चार्जिंग होईल असा डीसी-डीसी चार्जर मात्र लावाच.

एसीच्या भरवशावर कुत्री आत ठेवून दोघांनी एकदम बाहेर जायचं नाही, मी हे गिऱ्हाइकाला लिहून देतो. फ्यूज उडाला तर कुत्र्याला सांगता येत नाही. सिम टाकून चालणारा तापमानाचा अलार्म मिळतो, आत ३० झालं की मोबाईल वाजतो, तो लावा, पण तिथं रेंज गेली की तो पण मुका होतो.

बाळूसाठी एक काम करा. छताला आतनं नायट्राइल फोमचा जाड थर आणि त्यावर प्लायवूड घ्या, ऊन पण कमी उतरतं आणि पावसाचा तडतड आवाज बराच दबतो. खाली रबरी मॅट टाका, गुळगुळीत शीटवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात. चढायला लाकडी उतरण करा, तिच्यावर काथ्या ठोका.

कागदाचं पण बघा. सीट काढून बेड केला की आरसी बुकातली नोंद बदलून घ्यावी लागते, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नाही. त्याशिवाय इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हात वर करतात. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत टाकू नका, इंडक्शनवर भागवा.

वाईची_लेक:

मी माहेरची वाईची, आता ॲरिझोनात असते. आम्ही दोघं आणि आमचा लॅब्रेडॉर, भाड्याची आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन इकडे बरंच फिरलोय. इकडे मुक्कामाच्या जागी ३० किंवा ५० अँपिअरचा प्लग मिळतो, पाणी मिळतं, मैला रिकामा करायची सोय असते, तरी सुद्धा कुत्र्यामुळे अडतंच. बहुतेक नॅशनल पार्कात कुत्रं पायवाटेवर नेता येत नाही, फक्त कॅम्पग्राउंड आणि डांबरी भागात, तेही सहा फुटांच्या दोरीवर. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर वरच्या वाटेने नेता येतं पण खाली दरीत नाही. आम्ही आळीपाळीने उतरलो. आधी मी, तो वर कुत्र्याजवळ, दुसऱ्या दिवशी तो. सुरवातीला वाईट वाटलं, एवढ्या लांब येऊन एकटीने काय बघायचं. पण संध्याकाळी गाडीच्या पायरीवर बसून एकाने बघितलेलं दुसऱ्याला सांगायचं, ते मला त्या दरीपेक्षा जास्त आठवतंय.

तुम्हाला पण तसंच करावं लागेल. मीनाक्षी मंदिर, विवेकानंद स्मारकाची बोट, एक आत आणि एक कुत्र्यांपाशी. पेंचसारख्या जंगलात तर कुत्री न्यायचीच नाहीत, हायवे तिथनं जातो पण गाडी न थांबवता पुढे जायचं.

आणि निघायच्या आधी तालीम करा ताई. एक रात्र कुणाच्या तरी शेतात गाडी उभी करून चौघं आत झोपा. मग वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढवून बघा, वळणांवर कोण ओकतंय ते तिथंच कळेल. निघायच्या आधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवायचं, पाणी थोडं थोडं चालतं.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचं वाचून काल रात्री दोघं वही घेऊन बसलो. जानेवारी रद्द. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघणार आणि साडेतीन महिने धरणार. मोठ्या एसीचे पैसे वाचले त्यात जाळीचं दार, फोम आणि डॉक्टरांकडची तपासणी बसते. मिस्टर म्हणाले आरटीओत सोमवारीच जातो.

तालमीसाठी माझ्या भावाचं कवठे महांकाळला रान आहे, तिथं शनिवारी गाडी नेतोय, अजून आत नुसती गादी टाकलीय, ओटा-बिटा काही नाही. एकच विचारायचं राहिलं, भावाची शेळ्या-मेंढ्यांची दावण तिथंच आहे आणि हरणी शेळी बघितली की वेडी होते, मग गाडी दावणीपासून लांब लावू का सवय व्हावी म्हणून जवळ?

कराडचा_भटक्या:

लांब लावा वहिनी, आणि वारा दावणीकडनं तुमच्याकडे येणार नाही अशा बाजूला. पहिल्या रात्री तिला फक्त गाडीची सवय होऊ दे, शेळ्यांचं नंतर. दोरी मात्र झोपताना पण हातात गुंडाळून झोपा.